जामबागेतील नाट्यगृह आणि आमचे हसू

गेल्या डिसेंबरात आमच्या धर्मग्रामातील शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन पार पडले. मुले त्याला गॅदरिंग म्हणतात, त्यांच्या आयाही गॅदरिंगच म्हणतात. स्नेहसंमेलन म्हणणारे आता आम्ही आणि एक निवृत्त गुरुजी असे दोघेच उरलो आहोत. कार्यक्रमपत्रिकेवर सतरा नाच होते आणि एक नाटुकले. नाटुकले अवघ्या बारा मिनिटांचे. उन्हातान्हात थकलेला एक वाटसरू गावात येतो, दारोदार पाणी मागतो, मोठ्या घरची मंडळी त्याला वाटेला लावतात, आणि शेवटच्या झोपडीतून एक लहान मुलगी तांब्या घेऊन बाहेर येते व विचारते, "पाणी हवं का?" पाचवीतील एका मुलीकडे ही भूमिका होती. तिला बोलायचे वाक्य एवढे एकच.

ही मुलगी मूळची आमच्या गावची नव्हे. तिचे आईवडील तेलंगणातील महबूबनगरकडचे. त्या मुलखाला जुने लोक पालमूर म्हणतात, आणि त्या कोरड्या मुलखातून रस्त्यांच्या व इमारतींच्या कामांवर माणसे वर्षानुवर्षे मुंबईकडे येत आली आहेत. हे कुटुंब खाणीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहते. मुलगी तीन वर्षे आमच्या शाळेत आहे, मराठी धडा अडखळल्यावाचून वाचते, आणि तालमीत तिने आपले वाक्य एकदाही चुकवले नव्हते. परंतु त्या रात्री मंडप भरला होता, दिवे डोळ्यांवर येत होते. ती तांब्या घेऊन पुढे आली, क्षणभर थांबली, आणि तिच्या तोंडून घरचेच शब्द बाहेर पडले: "नीळ्ळु कावाला?"

मंडपात हशा उसळला. पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांनी टाळ्या पिटल्या, मागून कोणीतरी शीळ घातली. आम्ही पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी, कोचावर बसलो होतो. आम्हीही हसलो. दर शनिवारी लोकांची पापे ऐकणाऱ्याने आपले पाप सांगताना ते कमी करून सांगू नये, म्हणून लिहितो, की आम्ही नुसते स्मित केले नाही, चांगले मोठ्याने हसलो. मुलगी वळून पडद्याआड धावली. तांब्यातले पाणी रंगमंचावर सांडले आणि पुढच्या नाचातल्या मुली त्यावरून घसरू नयेत म्हणून एका शिक्षिकेने ते पुसून घेतले. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुले तिला "कावळा" म्हणू लागली.

ही हकीकत आम्ही येथे लिहिली नसती. पण ईस्टरनंतर काही कामानिमित्त हैदराबादला जाणे झाले आणि तेथे ती आमच्यासमोर दुसऱ्याच वेषात येऊन उभी राहिली.

आमचे यजमान एक तेलुगू धर्मगुरू होते. सायंकाळी ते आम्हाला कोठीच्या गर्दीतून वाट काढत जामबागेत घेऊन गेले. एके काळी येथे शहराचा मोठा फूलबाजार भरत असे. "फादर, तुम्ही मराठी," ते म्हणाले, "तेव्हा ही जागा तुम्हाला दाखवायलाच हवी." आम्हाला वाटले, आपल्या माणसांचा पराक्रम दाखवणार. समोर विवेकवर्धिनी ही संस्था होती.

विवेकवर्धिनीचे नाव मराठवाड्यातील वाचकांना परके नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींच्या पुढाकाराने १९०७ साली ती सुरू झाली. त्या वेळी निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, कोर्टाची उर्दू, आणि वरच्या इयत्तांची भाषाही उर्दूच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. राज्यात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे होते, मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा, कानडी त्याहून कमी, आणि ज्यांची घरची भाषा उर्दू असे लोक दहांत एखादाच. अशा राजधानीत मराठी मुलाने मराठीत शिकावे, मराठीत चारचौघांपुढे बोलावे, यासाठी ज्यांनी शाळा काढली त्यांचे ऋण मोठे आहे. शाळेबरोबर नाट्यगृह आले, आणि ते केवळ मुलांचे राहिले नाही. परिषदा, व्याख्याने, समाजसुधारणेच्या सभा त्या नाट्यगृहात होऊ लागल्या. ज्या समाजाला सरकारदरबारी आपली भाषा बोलता येत नाही, त्याला शाळेचा रंगमंच हाच दरबार होतो. आमचा तेथवरचा अभिमान रास्त होता, असे आजही वाटते.

१९२१ सालच्या नोव्हेंबरात त्या नाट्यगृहात निजाम राज्यातील समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्या महिला विद्यापीठाला पाच वर्षे झाली होती. अण्णासाहेब कर्व्यांची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल: परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत पायी गेलेला मुलगा, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू न देता परत पाठवलेला. अशा पुरुषाच्या अध्यक्षतेखाली, समाज सुधारण्यासाठीच बोलावलेल्या सभेत, पुढील प्रकार घडला.

वक्ते इंग्रजीत बोलले, उर्दूत बोलले, मराठीत बोलले. सभेने सर्वांचे ऐकून घेतले. मग आलंपल्ली वेंकटरामाराव नावाचे एक वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. श्रोत्यांत मराठी मंडळी बहुसंख्य. त्यांनी गलका केला, हुर्यो उडवली, टाळ्या पिटल्या, आणि वक्त्याला बोलणे आटोपते घ्यावे लागले.

आमचे यजमान हे सांगत असता त्यांच्या स्वरात राग नव्हता. हा प्रसंग त्यांच्याकडे इतिहासाच्या पुस्तकांत आहे आणि विद्यार्थी तो परीक्षेसाठी तारखेसह पाठ करतात. आमच्याकडील पुस्तकांत तो आम्ही कधी वाचला नव्हता. हसणाऱ्याला हसू लगेच विसरता येते, एवढाच याचा अर्थ असावा.

सभा संपल्यावर अपमान घेऊन उठलेली दहाबारा तेलुगू मंडळी त्याच रात्री टेकुमाल रंगाराव यांच्या घरी जमली आणि त्यांनी आंध्र जनसंघ स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव हे त्या कामाचे आधारस्तंभ झाले. त्यांनी दगडफेक केली नाही की निषेधाची सभा भरवली नाही. गावोगाव वाचनालये काढली, तेलुगू पुस्तके पोचवली, लोकांना लिहावाचायला लावले. १९३० साली जोगीपेठ येथे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे निजामाच्या राजवटीविरुद्ध तेलंगणात जी चळवळ उभी राहिली, तिची एक मोठी शाखा याच खोडातून फुटली. दुसऱ्या वर्षीच्या देवरकोंडा अधिवेशनाचे अध्यक्ष बूर्गुल रामकृष्णराव हे १९५२ साली हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले होते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, जेथे अण्णासाहेब कर्वे यांनी वर्षानुवर्षे गणित शिकवले.

टाळ्या वाजवणारे लोक दुष्ट नव्हते, हेच आम्हाला त्या सायंकाळी अधिक टोचले. सुधारणेच्या सभेला येणारी, शिकलेली, स्वतःच्या भाषेसाठी पदरमोड करून शाळा चालवणारी ती माणसे. आपली भाषा दाबली जाते म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती. तरी आपल्या हक्काच्या चार भिंतींत पोचल्याबरोबर त्यांनी शेजाऱ्याच्या भाषेला तेच केले. वास्तविक विवेकवर्धिनीच्याही आधी, १९०१ साली, त्याच परिसरात तेलुगू मंडळींनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय काढले होते. दोघांचे दुखणे एक, राहणे एका वस्तीत, आणि तरीही नाट्यगृहात ओळख पटली नाही.

या ठिकाणी आम्हाला स्वतःचे सेमिनरीतील दिवस आठवले. तेथे वर्षातून एकदा इंग्रजी नाटक होई. आमचे इंग्रजी गावच्या हेलाचे. तोंड उघडले की सहाध्यायी हसत. म्हणून आम्हाला पहारेकऱ्याची भूमिका मिळे. दोन वर्षे आम्ही हाती भाला धरून राजाच्या सिंहासनामागे उभे राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही. असे दोन वर्षे उभे राहिलेल्या मनुष्याने गेल्या डिसेंबरात कोचावर बसून काय केले, ते वर लिहिलेच आहे.

नाटक आणि भाषा यांचा हा झगडा आजचा नाही, आणि केवळ आपल्या देशातलाही नाही. येशूसंघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी नियमावली ठरवली, तीत विद्यार्थ्यांच्या नाटकांना जागा होती. पण नाटक लॅटिनमध्येच असावे, ते क्वचितच व्हावे, विषय पवित्र असावा आणि त्यात स्त्रीपात्र नसावे, अशा अटी होत्या. सेमिनरीत असताना हे वाचून आम्हाला गंमत वाटली होती. खरी गंमत पुढे आहे. नाटक पाहायला येत मुलांचे आईबाप आणि गावकरी, ज्यांना लॅटिनचे एक वाक्य कळत नसे. तेव्हा जर्मन भाषेच्या मुलखात शाळांनी कथानकाचा सारांश लोकांच्या भाषेत छापून प्रेक्षकांच्या हाती देण्यास आरंभ केला. नियम मोडला नाही, आणि आईला मुलाचे नाटकही कळले. ज्या कोणा शिक्षकाला हे प्रथम सुचले असेल, त्याचा आम्हाला हेवा वाटतो.

आपल्याच बाजूचे उदाहरण द्यायचे तर १८८० सालचे आहे. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा मोठा काळ सुरू झाला. तिकडे गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीला धारवाडकडील एक नाटक मंडळी जाऊन आली होती. तिचे खेळ हिंदीत होत. मंडळी निघून गेली, मांडव मागे राहिला. कंदुकूरी वीरेशलिंगम या शिक्षकाने त्या रिकाम्या मांडवात आपल्या विद्यार्थ्यांना उभे करून स्वतः लिहिलेले तेलुगू नाटक करविले. तेलुगू रंगभूमीच्या इतिहासात हा प्रयोग आरंभीचा मानतात. परक्या मुलखातून आलेल्या मंडळीचा मांडव, आणि त्यात शाळेतील मुलांच्या तोंडी स्वतःची भाषा! गोदावरी नाशकाकडून निघून राजमहेंद्रीपर्यंत जाते, तिला वाटेत कोणी भाषा विचारत नाही.

याहूनही नवल हैदराबादजवळच्या सुरभी नाटक मंडळींचे. १८८५ साली कडप्पा जिल्ह्यातील सुरभी या गावी वनारस गोविंदराव यांनी 'कीचकवध' हे नाटक तेलुगूत केले, त्यावरून या मंडळींना गावाचे नाव पडले. ही कुटुंबे मूळची मराठी. पूर्वी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत दक्षिणेत उतरली. घरात आरे मराठी बोलतात, रंगमंचावर तेलुगू. सव्वाशेहून अधिक वर्षे तान्ह्या मुलांपासून आजीपर्यंत सारे घर नाटकात काम करीत आले आहे, आणि जेव्हा इतरत्र पुरुष लुगडे नेसून नायिका होत असत, तेव्हा यांच्याकडे बायकांच्या भूमिका बायकाच करीत. त्यांचे एक सूत्रधार नागेश्वरराव, ज्यांना लोक बाबजी म्हणत, यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली ते वारले. मराठी घरांनी तेलुगू नाटक शंभर वर्षांवर जिवंत ठेवले, ही गोष्ट जामबागेतल्या त्या टाळ्यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. आणखी एक योग सांगून हैदराबादचे पुराण आटोपतो. ज्या १९२१ साली तो प्रकार घडला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये वरंगळकडील लक्नेपल्ली गावी एक मुलगा जन्मला. त्याने पुढे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी तेलुगूत नेली. ते पी. व्ही. नरसिंह राव; १९९१ साली ते भारताचे पंतप्रधान झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, कानडी जिल्हे म्हैसुरात गेले आणि शहर तेलुगू मुलखात राहिले. आज ते तेलंगणाची राजधानी आहे. जामबागेतील मराठी शाळेभोवती आता तेलुगू पाट्या आहेत. तेथील मराठी कुटुंबांतील मूल दारच्या भाजीवाल्याशी तेलुगूत बोलते आणि घरी आल्यावर मराठीत. आमच्या शाळेतली ती मुलगी नेमके याच्या उलट करते.

परत आल्यावर आम्ही प्रथम त्या सतरा नाचांचा विचार केला. नाचांवर आमचा राग नाही. पावलांना ताल असणे ही देणगी आहे. परंतु आता बहुतेक शाळांत होते काय, की सिनेमाचे तयार गाणे यंत्रावर लावतात, मुले ओठ हलवतात, कपडे भाड्याने आणतात, आणि आईबाप मोबाइलवर चित्रण करतात. सव्वादोनशे मुले रंगमंचावर येऊन जातात आणि एकाचाही आवाज कोणाच्या कानी पडत नाही. सगळे आमच्यासारखे भालेदार! मुलाला दोन वाक्ये पाठ करायला लावणे, ती मंडपाच्या शेवटल्या रांगेला ऐकू जातील अशी म्हणायला शिकवणे, दुसरा बोलत असता गप्प उभे राहायला शिकवणे, याला शिक्षकाचे महिनाभराचे कष्ट लागतात. गाणे लावायला बटण पुरते. आयांनो, भाड्याच्या झगमगत्या घागऱ्यासाठी शाळेकडे हट्ट धरता, तसा एकदा नाटकासाठी धरून पाहा.

मग आम्ही खाणीजवळ गेलो. मुलीचा बाप कामावर होता. आईने खाट पुढे केली, पाणी दिले. तिला मराठी जेमतेम कळते, म्हणून मुलगीच दोघांमध्ये बोलणे पोचवत होती, आणि अशा रीतीने आमची क्षमायाचना आम्हाला तिच्याच तोंडून तिच्या आईला ऐकवावी लागली. "फादर म्हणतात, ते हसले ते चुकलं," असे काहीसे ती तेलुगूत बोलली असावी, कारण आई गडबडून उभी राहिली आणि नको नको असे हात हलवू लागली. मुलगी मात्र काही बोलली नाही. "यंदा नाटकात काम करशील का?" असे विचारले, तर तिने सरळ मान हलवून नाही म्हटले.

यंदाचे नाटुकले तेच आहे, पण निवृत्त गुरुजींनी ते उलटे करून लिहिले आहे. वाटसरू आता आपल्याकडचा, कामाच्या शोधात पालमूरकडे गेलेला. गाव तेलुगू. दारोदारची माणसे तेलुगू बोलतात, त्याला एक शब्द कळत नाही, आणि त्याला एवढेच पाठ करून पाठवलेले आहे: "अम्मा, दाहं वेस्तोंदि," म्हणजे आई, तहान लागली आहे. सहा मुलांना मिळून तेलुगूची अकरा वाक्ये म्हणायची आहेत. ती शिकवणार कोण? शाळेत तेलुगू येणारे एकच माणूस आहे.

तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाले. मुलगी रंगमंचावर येत नाही, येणारही नाही म्हणते. ती बाजूला पडद्याजवळ स्टुलावर वही घेऊन बसते आणि चुकले की थांबवते. "नीळ्ळु"मधला जोडळ मुलांना जमत नाही. ळ आपल्याकडेही आहे, पण एकावर एक दोन ठेवायची जिभेला सवय नाही. ज्या मुलाने तिला पहिल्यांदा कावळा म्हटले, त्यालाच झोपडीतल्या माणसाचे काम मिळाले आहे. परवा तिने त्याच्याकडून ते वाक्य चौदा वेळा म्हणून घेतले. आम्ही दाराशी उभे राहून मोजले. पंधराव्या वेळी तो म्हणाला, "आता तरी बरोबर आहे का गं?" तिने वहीतून वर न पाहता सांगितले, "अजून नाही."

प्रयोग नाताळाच्या आधीच्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता शाळेच्या पटांगणात आहे. पाण्याचा माठ मंडपाच्या दाराशी ठेवलेला असेल.